जिल्ह्याचे सभासद किती असावेत?



गोंदिया जिल्हा परिषदेच्या लोकनियुक्त सभासदांची संख्या ५३ आहे. निवडणूक आली म्हणजे उमेदवार कोण, पक्ष कोणता, आरक्षण कोणत्या गटात पडले, याची चर्चा घरोघर होते. परंतु सभासद मुळात ५३ च का, ही संख्या कोणी ठरविली व कशाच्या आधारावर ठरविली, असे विचारणारा गृहस्थ क्वचितच भेटतो. वस्तुतः बाकीचे पुष्कळसे प्रश्न या एका आकड्याच्या पोटात दडलेले असतात. गट केवढा होणार, त्यात किती गावे येणार, देवरीकडील रानातल्या एखाद्या टोल्यावरील माणसास आपल्या सभासदाचे तोंड वर्षातून एकदा तरी दिसणार की नाही, हे सर्व त्या आकड्यावर अवलंबून आहे. म्हणून आज या आकड्याचा इतिहास आपणापुढे मांडण्याचे योजिले आहे.

आपणांपैकी बहुतेक श्रोते शहरात राहणारे आहेत. नगरपालिकेच्या हद्दीतील मतदार जिल्हा परिषदेस मत देत नाही. तेव्हा या विषयाशी आपला काय संबंध, असे कोणाच्या मनात येणे शक्य आहे. परंतु गोंदिया जिल्ह्यातील शंभरांपैकी ८० हून अधिक माणसे खेड्यांत राहतात. आपल्या घरी येणारे तांदूळ त्यांच्या बांध्यांतून येतात, आणि त्या बांध्यांना पाणी देणाऱ्या तलावांची निगा, खेड्यातील प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्रे व रस्ते ही कामे जिल्हा परिषदेकडे असतात. शेजारच्या घराचा कारभार नीट चालला नाही, तर त्याची झळ आपल्या घरास लागल्यावाचून राहत नाही.

या कथेचा आरंभ १८८२ सालापासून करावा लागतो. त्या वर्षीच्या मे महिन्यात लॉर्ड रिपन यांच्या सरकारने स्थानिक स्वराज्याविषयीचा आपला प्रसिद्ध ठराव केला, आणि त्यास अनुसरून पुढल्याच वर्षी, म्हणजे १८८३ मध्ये, मध्यप्रांतात स्थानिक स्वराज्याचा कायदा झाला. आजचा गोंदिया जिल्हा त्या काळी भंडारा जिल्ह्याचा पूर्वभाग होता. त्या जिल्ह्यात भंडारा, तिरोडा व साकोली अशा तीन तहशिली होत्या. रेल्वेमुळे गोंदियाचे महत्त्व वाढले आणि तिरोड्याचे तहशिलीचे ठाणे गोंदियास आले, ही पुढची गोष्ट. नव्या कायद्याने तहशिलीसाठी लोकल बोर्ड आणि जिल्ह्यासाठी डिस्ट्रिक्ट कौन्सिल अशी दुहेरी रचना केली.

या संस्थांत सभासद कोण असत? लोकल बोर्डात गावोगावच्या मुकद्दमांनी निवडून दिलेले प्रतिनिधी, व्यापारी वर्गाचे प्रतिनिधी आणि सरकारने नेमलेले सभासद असत; सरकारनियुक्तांची संख्या एकंदर संख्येच्या एकतृतीयांशाहून अधिक नसावी, असा दंडक होता. डिस्ट्रिक्ट कौन्सिलात लोकल बोर्डांनी पाठविलेले सभासद बसत. म्हणजे सभासदांची संख्या ठरविताना गावात डोकी किती आहेत हा हिशेब मुख्य नव्हता. मुकद्दमी कोणाकडे आहे, पेढी कोणाची आहे, हा होता. धान पिकविणारा कुळवाडी, तलाव बांधण्यात पिढ्यान्‌पिढ्या वाकबगार असलेला कोहळी, रानातला गोंड या सर्वांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मुकद्दमाकडे आहे, असे गृहीत धरलेले होते. त्या संस्थांनी रस्ते बांधले व शाळा काढल्या, हे खरे आहे. परंतु ज्यांची मोजदाद होत नाही त्यांची गरजही कागदावर येत नाही, हेही तितकेच खरे आहे.

१९२० मध्ये मध्यप्रांतात याविषयीचा नवा कायदा झाला आणि मताधिकार काहीसा रुंदावला. तथापि मोठा पालट झाला तो स्वातंत्र्यानंतर. मध्यप्रांत-वऱ्हाडचे स्थानिक स्वराज्यमंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी जनपद-सभांची योजना पुढे आणली व तिचा कायदा १९४८ मध्ये अमलात आला. जिल्हा ही जागा सामान्य माणसापासून फार दूर आहे, कारभार तहशिलीच्या गावी आला पाहिजे, असा त्या योजनेमागील विचार होता. डिस्ट्रिक्ट कौन्सिले मोडली आणि तहशिलीस एक याप्रमाणे जनपद-सभा आल्या. भंडारा जिल्ह्यात भंडारा, गोंदिया व साकोली या तीन ठिकाणी त्या झाल्या. येथे या इतिहासातील दुसरे तत्त्व प्रथमच स्पष्ट दिसते. प्रतिनिधी मोजण्याचे एक माप डोक्यांचे. दुसरे माप अंतराचे. सभा जितकी जवळ, तितका माणूस तिच्यापुढे सहज जाऊ शकतो.

१९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आला व १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्याच वर्षी राज्य सरकारने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. नाईक हे पुसदचे, म्हणजे विदर्भातलेच; त्यांना जनपद-सभांचा अनुभव परका नव्हता. दिल्लीस बळवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये तालुक्याच्या पातळीवरील संस्थेस मुख्य मानले होते. नाईक समितीने मात्र जिल्ह्यास मुख्य मानले. तिचा अहवाल १९६१ च्या मार्चमध्ये आला, त्यास अनुसरून त्याच वर्षीचा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आमदार व खासदार यांना जिल्हा परिषदेत सभासद म्हणून न घेण्याचा निर्णयही याच वेळचा आहे.

या अधिनियमाने संख्येचा प्रश्न प्रथमच त्रैराशिकाने सोडविण्याचा प्रयत्न केला. शक्यतो दर ३५,००० लोकसंख्येमागे एक सभासद असावा. परंतु एकंदर सभासद ४० पेक्षा कमी नसावेत आणि ६० पेक्षा अधिक नसावेत, असे त्यात सांगितले होते. आता शाळेतल्या मुलांप्रमाणे आपणही हिशेब करून पाहू. १९६१ च्या खानेसुमारीत अखंड भंडारा जिल्ह्याची वस्ती सुमारे साडेबारा लाख होती. तिला ३५,००० ने भागले म्हणजे ३६ येतात. शहरातील वस्ती वगळली तर त्याहूनही कमी. पण कायद्याने ४० ही खालची मर्यादा घातलेली होती. म्हणजे त्रैराशिक येथेच थांबते आणि मर्यादेचा नियम चालू लागतो. पहिल्या दिवसापासून आमच्या भागाचे प्रतिनिधित्व लोकसंख्येच्या गणितापेक्षा या खालच्या मर्यादेवर अधिक अवलंबून आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

अशी मर्यादा घालावीच का? हा प्रश्न जुना आहे आणि आपल्या देशापुरताही नाही. अमेरिकेची राज्यघटना तयार झाली तेव्हा तेथील प्रतिनिधिसभेत सभासद फार थोडे आहेत, अशी तक्रार झाली. तिला उत्तर देताना जेम्स मॅडिसन यांनी १७८८ मध्ये असा युक्तिवाद केला, की ही संख्या शुद्ध गणिताने ठरविता येत नाही. सभासद फार थोडे असले तर ते आपसांत संगनमत करण्याचा धोका असतो, आणि लोकांची स्थिती त्यांना पुरती कळत नाही. फार झाले तर सभेचा जमाव होतो, मग त्यातला एकेक सभासद कितीही शहाणा असो. जिल्हा परिषदेसही हे लागू आहे. परिषदेत स्थायी समिती असते. शिक्षण, आरोग्य, बांधकाम, कृषी, पशुसंवर्धन, समाजकल्याण, महिला व बालकल्याण अशा विषयांच्या समित्या असतात. सभासद वीसच असतील तर तीच चार माणसे प्रत्येक समितीत बसतील. दोनशे असतील तर प्रत्येकास वर्षातून एकदा बोलण्याची पाळी आली तरी पुष्कळ.

पुढे महाराष्ट्राच्या कायद्यातील या मर्यादा वाढून किमान ५० व कमाल ७५ अशा झाल्या. १९९३ च्या एप्रिलमध्ये राज्यघटनेची त्र्याहत्तरावी दुरुस्ती अमलात आली. तिने पंचायतींना घटनेत स्थान दिले, अनुसूचित जाती-जमातींसाठी लोकसंख्येच्या प्रमाणात व स्त्रियांसाठी निदान एकतृतीयांश जागा राखल्या, आणि निवडणुका घेण्यासाठी प्रत्येक राज्यात स्वतंत्र आयोग असावा असे सांगितले. महाराष्ट्रात हा आयोग १९९४ मध्ये आला. स्त्रियांचा वाटा २०११ मध्ये निम्म्यावर नेण्यात आला. त्याच दुरुस्तीत आपल्या विषयाचे एक कलम आहे. लोकसंख्या आणि निवडून द्यावयाच्या जागा यांचे प्रमाण शक्य तोवर सबंध राज्यात सारखे असावे, असे ते म्हणते.

या कलमामागील न्याय स्पष्ट आहे. इंग्लंडात १८३२ पूर्वी ओल्ड सॅरम नावाच्या जवळजवळ ओसाड टेकडीस पार्लमेंटात दोन सभासद पाठविण्याचा हक्क होता, आणि मँचेस्टरसारख्या गजबजलेल्या गिरणगावास एकही नव्हता. असला प्रकार कोणास न्याय्य वाटेल? पण आता आपल्या राज्यातील आकडे पाहा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे गोंदिया जिल्ह्याची वस्ती १३,२२,५०७ आहे. त्यांपैकी ढोबळ मानाने अकरा लाख ग्रामीण. तिला ५३ ने भागले म्हणजे एका सभासदामागे वीस-एकवीस हजार माणसे येतात. पुणे जिल्ह्याची ग्रामीण वस्ती ३६ लाखांच्या वर, आणि २०१७ मधील सभासद कायद्याने जास्तीत जास्त देता येत होते तितके, म्हणजे ७५. तेथे एकामागे ४८-४९ हजार. सिंधुदुर्गात सभासद ५०, एकामागे सुमारे १५ हजार. म्हणजे पुण्याकडील एका सभासदाच्या पाठीशी गोंदियाच्या सव्वादोन सभासदांइतकी माणसे आहेत.

तेव्हा गोंदियास अन्यायाने अधिक मिळाले काय? माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि त्याचे कारण मी नकाशावरून देईन. गोंदियाच्या उत्तरेस वैनगंगेकाठचा सपाट, दाट वस्तीचा मुलूख आहे. पण पूर्वेस व दक्षिणेस सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत रान, डोंगर आणि एकमेकांपासून दूर असलेली लहान गावे आहेत. निव्वळ ३५,००० चा जुना हिशेब लावला तर सबंध जिल्ह्यास ३१ सभासद पुरेत. मग रानातला एकेक गट आजच्या दीडपटीहून मोठा होईल. सभासदास मोटारीने फिरूनही तो आटोपणार नाही, आणि मजुरी बुडवून सभासदाकडे जाणाऱ्या बाईचा तर अख्खा दिवस जाईल. जिल्ह्यातील शेकडा १६ माणसे अनुसूचित जमातींची आहेत आणि त्यांची वस्ती मुख्यतः याच भागात आहे. ५३ जागांत या प्रमाणाने निदान आठ-नऊ जागा त्यांच्या वाट्यास येतात. जागा ३१ असत्या तर त्या पाचांवर आल्या असत्या. प्रमाण तेच राहिले असते, पण समित्यांत बसून गाऱ्हाणे मांडणारी माणसे जवळजवळ निम्मी झाली असती.

एका तलावाचे उदाहरण घ्या. आमच्या भागास तलावांचा मुलूख म्हणतात. मालगुजारी १९५१ मध्ये गेली आणि मालगुजारांचे तलाव सरकारजमा झाले. त्यांतील लहान तलावांचा सांभाळ आता जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन खात्याकडे आहे. पाळ फुटली, गाळ साचला, तुडूम नादुरुस्त झाला, तर शंभर एकरांचे धान वाळते. शंभर एकर ही जिल्ह्याच्या हिशेबात क्षुल्लक बाब आहे. ती बाब सभेच्या कामकाजात यावयाची असेल, तर तो तलाव डोळ्यांनी पाहिलेला एक तरी सभासद सभेत असावा लागतो. सभासदांची संख्या कमी करणे म्हणजे न पाहिलेल्या तलावांची संख्या वाढविणे होय.

१ मे १९९९ रोजी गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला. त्याचा या हिशेबावर झालेला परिणाम फारसा कोणी बोलून दाखवीत नाही. अखंड जिल्ह्यास कितीही झाले तरी ७५ च्या वर सभासद मिळणे शक्य नव्हते. दोन जिल्हे झाल्यावर प्रत्येकास निदान ५० मिळणे भाग होते. गोंदियाच्या ५३ आणि भंडाऱ्याच्या ५२ जागा मिळून त्याच भूमीस आता १०५ सभासद आहेत. जनपद-सभांनी जे जवळपण आणू पाहिले होते, त्यातले काही या मार्गाने पुन्हा आले, असे म्हणावयास हरकत नाही.

संख्या ठरल्यावर ती आठ तालुक्यांत वाटली जाते. गोंदिया तालुक्यास १४ आणि सालेकशास ४, असा फरक लोकसंख्येमुळे पडतो. गट तालुक्याची हद्द ओलांडीत नाही. आखणी उत्तरेकडून सुरू होते, ईशान्येकडे व पूर्वेकडे सरकते, मग पश्चिमेकडे वळते आणि अशा नागमोडी वाटेने दक्षिणेस संपते. मन मानेल तशी गावे जोडता येऊ नयेत, हा त्या नियमाचा हेतू. प्रत्येक गटाचे दोन गण पडतात व प्रत्येक गणातून पंचायत समितीवर एक सभासद जातो. म्हणून ५३ गटांमागे पंचायत समित्यांचे १०६ सभासद आहेत.

एका जागेचे मोल किती असते, हेही गोंदियाने अनुभवले आहे. ५३ मध्ये बहुमतास २७ लागतात. २०१५ च्या निवडणुकीत तीन मोठ्या पक्षांना २०, १७ व १६ जागा मिळाल्या आणि कोणालाही एकट्याने कारभार करता येईना. २०२२ मध्ये सर्वांत मोठ्या पक्षास २६ जागा मिळाल्या. एक कमी पडली. पक्षांची नावे घेण्याचे येथे प्रयोजन नाही. जेथे एका जागेने सत्ता फिरते, तेथे जागा किती असाव्यात हे ठरविणारा हात अत्यंत निःस्पृह असला पाहिजे, एवढेच मला सुचवावयाचे आहे.

आणि हीच आजची खरी चिंता आहे. २०२२ च्या आरंभी राज्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन मर्यादा किमान ५५ व कमाल ८५ अशा झाल्या. त्याच वर्षी सरकार बदलले आणि ऑगस्टमध्ये त्या पुन्हा ५० व ७५ वर आल्या. त्याच २०२२ च्या मार्चमध्ये गटांची आखणी करण्याचा अधिकार निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे आणणारा कायदाही झाला. दोन्ही बाजूंस सांगण्यासारखी कारणे होती, हे मी नाकारीत नाही. परंतु मुलांनी उत्तरे लिहून झाल्यावर गुण देण्याची रीत बदलणारा शिक्षक कितीही सज्जन असला तरी वर्गाचा विश्वास गमावून बसतो. ५० बरे की ५५ बरे, यावर मतभेद असू शकतो. वर्षाच्या आत दोनदा बदललेले माप मात्र कोणाच्याच कामाचे नाही.

संख्येस कालाचीही जोड लागते. २०२० मध्ये गोंदिया जिल्हा परिषदेची मुदत संपली, साथीमुळे निवडणूक लांबली आणि प्रशासक आला. मतदान झाले ते २१ डिसेंबर २०२१ रोजी. इतर मागासवर्गाच्या जागांवर सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आल्याने त्या जागांचे मतदान १८ जानेवारी २०२२ रोजी निराळे घ्यावे लागले. मधल्या काळात कायद्याच्या पुस्तकात ५३ हा आकडा होता, पण सभागृहातील खुर्च्यांवर कोणीही नव्हते. निवडणूक वेळेवर होत नसेल तर ५३ काय आणि ८५ काय, शून्याने गुणल्यावर उत्तर एकच येते.

पुढील आखणीचा प्रसंग आता दूर नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढील जनगणनेचा संदर्भदिन १ मार्च २०२७ हा ठरविण्यात आला आहे. घटनेप्रमाणे शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेचे आकडे प्रमाण मानावयाचे असतात, त्यामुळे नवे आकडे प्रसिद्ध झाले की गटांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल. शहरे वाढतील, काही गावे नगरपंचायतींत जातील आणि ग्रामीण वस्ती घटल्याचे दिसेल. तेव्हा लहान जिल्ह्यांच्या किमान मर्यादेवर बोट ठेवले जाण्याचा संभव आहे. त्या वेळी तीन गोष्टींचा आग्रह धरावा, असे मला वाटते. किमान मर्यादा राहावी, कारण रानातल्या गावास तिच्यावाचून वाली नाही. मोठ्या जिल्ह्यांवरील अन्याय दूर करावयाचा तर वरची मर्यादा वाढवावी, पण ती जनगणनेनंतर एकदाच, निवडणुकीच्या तोंडावर नव्हे. आणि गट आखण्याचे काम ज्यास निवडणूक लढवावयाची नाही, अशाच्या हाती असावे.

आखणीचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा हरकती घेण्यास मुदत दिली जाते. ती थोड्या दिवसांची असते आणि बहुधा धानाच्या कामांच्या गर्दीत निघून जाते. खेड्यातील आपले आप्त, आपला जुना विद्यार्थी, आपल्याकडे दूध घालणारा गवळी यांना त्या वेळी तो आराखडा वाचून दाखविण्याचे आणि हरकत लिहून देण्याचे काम शहरातील सुशिक्षित माणूस सहज करू शकेल. त्यास अर्धा तास आणि एक कागद पुरतो.